सहा पानांचं कोर्ट

कोर्ट भरायच्या आधीच फिर्यादीची थोरली बहीण बाकाला अडखळून पालथी पडली. बाक लाकडी होता, गुडघ्याएवढा उंच, आणि तालमीत रोज एकाच जागी असायचा. त्या दिवशी कुणीतरी तो हातभर पुढे ओढला होता. कुणी ओढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे म्हणाले, मी नाही.

नाटकातली ही बहीण म्हणजे सासूबाई. वय अडुसष्ट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती, त्यामुळे ज्येष्ठांच्या त्या नाटकमंडळीत त्यांना सगळे ऑपरेटरच म्हणत. हाड मोडलं नाही. कोपर सोलवटलं आणि चष्म्याची दांडी वाकली. पण नाटक बसवणाऱ्या हेडसरांनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, हातातलं बाड मिटून काखेत मारलं. आता ते काय बोलणार याचा अंदाज सगळ्यांनाच आला.

"ऑपरेटरबाई, हे दुसऱ्यांदा झालं."

"पहिल्यांदा पायपुसणं होतं," सासूबाई खालूनच म्हणाल्या.

"तिसऱ्यांदा काय असेल ते मला बघायचं नाहीये. आजपासून तिसऱ्या रविवारी याच हॉलमध्ये पूर्ण तालीम. पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. कुणाचा हात धरायचा नाही, कशाला धडकायचं नाही. जमलं तर बहीण तुम्ही. नाही जमलं तर रेडिओ."

रेडिओ म्हणजे मंडळीतल्या एक निवृत्त निवेदिका. त्यांना स्वतःचे दोन संवाद होते आणि इतरांचे सगळे पाठ होते. त्यांनी मान खाली घातली, पण ओठ हलत होते.

सासूला न्यायला आलेली सून दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचा बुकबाइंडिंगचा धंदा होता. घराच्या पुढच्या खोलीत ती शाळांच्या वह्या आणि वाचनालयांची खिळखिळी झालेली पुस्तकं बांधायची. बोटांना कायम खळ लागलेली असायची आणि नजरेला सरळ रेषेची सवय. पडलेल्या माणसाला उचलायच्या आधी बाक किती तिरका आहे हे तिच्या डोळ्यांनी टिपलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"फार लागलं का, आई?" रस्त्यात तिने विचारलं.

"कोपराला लागलं ते दिसतंय. ते बोलले ते कुठे लागलं ते विचार."

सासूबाईंना काचबिंदू होता, सहा वर्षांपासून. कडेचं दिसणं हळूहळू गेलं होतं, मधलं शाबूत होतं. सुईत दोरा त्या एका दमात ओवत, पण पायापाशी ठेवलेली बादली त्यांच्या लेखी नव्हतीच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, माहीत असतं तसं. म्हणजे त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून पुठ्ठे कापत होती. सासूबाई समोर बसून वाकलेली दांडी सरळ करत होत्या. सुनेने कात्री खाली ठेवली.

"आई, तुम्हाला दिसतं म्हणजे नक्की काय दिसतं?"

सासूबाईंनी चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं. "सहा वर्षं झाली. डॉक्टर विचारतात, आणखी कमी झालं का. तुझा नवरा विचारतो, थेंब घातले का. काय दिसतं ते आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं." मग त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं. "तुझं नाक दिसतं. नाकावर खळ लागलीय तीही दिसते. तुझे हात दिसत नाहीत. तुला हात आहेत यावर माझा विश्वास आहे, एवढंच."

सून उठली. बांधणीचं कापड पुठ्ठ्याच्या लांब नळ्यांवर गुंडाळून येतं. त्यातल्या एका नळीचे तिने दोन वीतभर तुकडे कापले, मध्ये इलॅस्टिक लावलं आणि डोळ्यांवर चढवले. सासूबाईंना विचारून विचारून नळ्यांची तोंडं कागदाने बारीक करत आणली. "एवढंच?" "अजून थोडं." "आता?" "आता बरोबर. आता चल माझ्या घरात."

ती चालली. तास-दीड तास ती आपल्याच घरात नवख्या माणसासारखी फिरली. फ्रिज लांबूनच ओळखीचा वाटला, दारंही वाटली. जे छातीच्या वर होतं ते सगळं समोर यायचं. त्याखालचं जगच नव्हतं. स्टुलाने नडगी फोडली. पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी खुर्ची सापडली ती हाताला, डोळ्यांना नाही. मजा म्हणजे चालताना मान आपोआप सावकाश डावी-उजवी फिरायला लागली. सासूबाई अशी मान का फिरवतात, हे कोडं तिला कित्येक वर्षं होतं. तिला वाटायचं, घरात नाराजीने बघतात.

एवढ्यात नवरा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे विचित्र जागी अडकलेली माणसं बघायची त्याला सवय होती. तरी तो उंबऱ्यातच थांबला.

"पाणबुडी केव्हा घेतली आपण?"

"गप्प बस आणि स्टूल उचल."

"स्टूल आहे तिथे?"

"आहे ते नडगीला विचार."

त्या संध्याकाळी तिने रद्दी कागदाच्या पाठीवर एकच ओळ लिहिली: *बुटकं काही नको.*

नाटक असं होतं की एका माणसाची छत्री हरवते आणि त्याची थोरली बहीण त्याला मागोमाग घेऊन ती शोधायला निघते. घर, बस स्थानक, हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय आणि शेवटी कोर्ट, अशा चार जागा. त्यासाठी मंडळींनी टेबलं, बाकं, खुर्च्या मिळून बारा नग जमवले होते, सगळे कमरेच्या खालचे. सून हेडसरांकडे गेली आणि म्हणाली, सगळं काढा.

"मग कोर्ट कशावर भरवू?"

"पानांवर. मोठी पानं करते. उभी राहतील अशी."

हेडसरांनी अटी सांगितल्या. त्यांच्या आधी चार वाजेपर्यंत हॉलमध्ये नाचाचा वर्ग असे. मंडळींना मांडायला पंधरा मिनिटं मिळत. जमिनीत खिळा ठोकायचा नाही. आणि मंडळींचं सरासरी वय सत्तर, तेव्हा दोघांना सहज सरकवता येईल एवढंच वजन. "आणि काही विकत आणू नका," ते म्हणाले. "विकत आणलेलं नाटकात विकत आणलेलंच दिसतं."

विकत आणायची गरजही नव्हती. फ्रिजची खोकी शेजारच्या दुकानाने हसत दिली, कारण तीच त्यांना अडगळ झाली होती. खोक्याच्या पुठ्ठ्यात नागमोडी कागद असतो. त्याच्या नळ्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने पुठ्ठा ताठ, आडव्या दिशेने लेचापेचा. म्हणून तिने दोन-दोन थर चिकटवले, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. वर घरातली आणि शेजाऱ्यांची जुनी वर्तमानपत्रं, दोन्ही बाजूंनी सारखी. एकाच बाजूला कागद लावला तर खळ वाळताना पुठ्ठ्याला ओढते आणि पान पुरीसारखं फुगतं, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. त्यावर विरलेल्या चादरी ताणून बसवल्या. पुरुषभर उंच, दीड हात रुंद, अशी सहा पानं स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात आणि न्हाणीघराच्या दारात वाळत उभी राहिली. चार दिवस घरातली माणसं तिरकी होऊन ये-जा करत होती.

दोन-दोन पानांच्या तीन जोड्या करायच्या होत्या. इथे ती अडली. पुस्तकाचं पान एकाच बाजूला उघडतं, तसाच कणा तिला येत होता. इथे तर पान दोन्हीकडे दुमडायला हवं होतं. दोन वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं घेऊन ती सकाळभर खेळत बसली. चादरीच्या पट्ट्या कापून एक पट्टी पहिल्या पानाच्या पुढून दुसऱ्याच्या मागे नेली, पुढची पट्टी उलट, मागून पुढे. तिसरी परत पहिलीसारखी. पट्ट्यांची वेणी सुटू दिली नाही, तर जोडी इकडेही मिटायची आणि तिकडेही. तिने ती दहा-बारा वेळा उघडमीट केली. तेराव्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुरे. आता ते उडायला लागेल."

पान पडू नये म्हणून खाली वजन हवं होतं. बाटल्यांत वाळू भरून त्या कापडी खिशात घातल्या. खिसे नवऱ्याच्या जीनच्या पायांचे झाले.

"ही अजून वर्षभर चालली असती," नवरा म्हणाला.

"आता पुढची पाच वर्षं चालेल. कोर्टात."

बसायला घट्ट रद्दी भरलेली तीन खोकी केली. बुटकं काही नको हे ठरलेलं होतं, म्हणून खोकं मोकळं ठेवायचं नाही. ते कायम जोडीच्या घडीत, कण्याला पट्टीने बांधलेलं. जोडी सरकली की मागोमाग खोकंही सरकायचं. सासूबाईंनी काय करायचं, तर उंच पान बघायचं, हाताने घडी शोधायची आणि घडीत बसायचं.

आणि एका पानाला तिने चेहऱ्याच्या उंचीवर चौकोनी भोक पाडलं. घरात ती खिडकी. बस स्थानकात तिकिटाची खिडकी. कार्यालयात तिच्यातून कारकून डोकवायचा. हेडसरांना हे पटलं, पण कोर्टाशी ते अडखळले.

"न्यायाधीश तिकिटाच्या खिडकीत?"

"डोकं घालून बघा तरी," सून म्हणाली.

हेडसरांनी मागे जाऊन डोकं घातलं. चौकटीत नुसता चेहरा, कपाळाला आठ्या. कुणीतरी म्हणालं, "सर, एक हाफ द्या." हसून हसून मंडळी खोकायला लागली, आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

राहिला रंग. भिंतीला लावून उरलेल्या डब्यातला करडा-निळा तिने सगळ्या पानांना सारखाच दिला. शेवटी धारदार सुरीने सगळ्या कडा कापून सरळ केल्या. पान किती सुबक आहे ते बाइंडर कडेवरून ओळखतो. तिच्या पानांच्या कडा बोटभरही जाड नव्हत्या आणि दोरीसारख्या सरळ होत्या.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या आठवड्यात पानं हॉलमध्ये उभी राहिली. घर छान झालं. सासूबाई आत आल्या, पान पाहिलं, घडी शोधली, बसल्या. बस स्थानकही झालं. मग छत्रीवाल्या भावाचं काम करणाऱ्या निवृत्त गुरांच्या डॉक्टरांनी कार्यालयासाठी एक जोडी मिटून कड समोर येईल अशी फिरवली आणि तशीच सोडली. सासूबाई "माझ्या भावाची छत्री काळी आहे" म्हणत तरातरा पुढे आल्या आणि कपाळाने थेट पानावर आपटल्या.

पडल्या नाहीत. पण आवाज सगळ्यांनी ऐकला.

सून धावत स्टेजवर गेली. सासू जिथून निघाली होती तिथे उभी राहून तिने नळ्या डोळ्यांना लावल्या. पान नव्हतं. समोर होतं, पाच पावलांवर, पुरुषभर उंच, आणि नव्हतं. कडेने पाहिलेलं पान म्हणजे एक करडी रेघ, करड्या पडद्यापुढे. कुणा सुताराने ते बनवलं असतं तर कडेला दोन बोटं लाकूड आलं असतं, ओबडधोबड, पण दिसलं तरी असतं. तिने मात्र कड कापून कापून नाहीशी केली होती, आणि वर त्याचा अभिमान बाळगला होता.

"रविवार तो रविवार," हेडसर एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि सुनेला तेच जास्त बोचलं. मागच्या रांगेत रेडिओचे ओठ आता आवाजासह हलत होते.

घरी आल्यावर तिने कापडाच्या उरलेल्या नळ्या उभ्या चिरल्या, प्रत्येक पानाच्या कडेवर एकेक बसवली आणि वर पांढरी चादर गुंडाळली. आता कड मनगटाएवढी जाड झाली, पांढरीशुभ्र. डोळ्यांवरच्या नळ्यांतून सुनेला ती नीट दिसली, सासूबाईंनाही दिसली. पण बुधवारच्या तालमीत नवीच अडचण निघाली. सासूबाई बोलत असताना पाठीमागे कुणी ना कुणी जोडी हलवायचं. वाक्य संपवून त्या वळायच्या, तर सगळं जग दुसरीकडे गेलेलं. मग मान डावी, मान उजवी, आणि तेवढा वेळ कोर्ट ताटकळत. सुनेने जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. डॉक्टरांना त्या पाळता आल्या नाहीत, आणि नाचाच्या वर्गाने दुसऱ्या दिवशी पुसून टाकल्या.

शुक्रवारी दुपारी सून हात टेकून बसली. "आई, मला वाटलं होतं तुम्हाला काय दिसतं ते कळलं की झालं."

सासूबाई पानाच्या पांढऱ्या कडेवर हात फिरवत होत्या. "एक विचारू? पानं डॉक्टर का हलवतात?"

"कुणीतरी हलवायलाच हवीत ना."

"एक्स्चेंजमध्ये माझ्यापुढे बोर्ड होता. शंभर भोकं. कोणती वायर कुठे खोचली ते मी बघत नव्हते, तेव्हा डोळे चांगले असूनसुद्धा. कळायचंच. का, तर खोचणारी मीच होते. मधेच दुसरी कुणी येऊन दोन वायरी बदलल्या असत्या, तर मी तेव्हाही आंधळीच." त्यांनी जोडी आपल्याकडे ओढली. ती खोक्यासकट मुकाट्याने आली. "मला पान दाखवू नकोस. पान माझ्या हातात दे."

 सुनेने इतके दिवस डोळ्यांचा पिच्छा पुरवला होता. हातांचं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि ती तर हातांवर पोट भरणारी बाई.

त्या दोघींनी शुक्रवार आणि शनिवार घरातलं फर्निचर भिंतीला लावून तालीम केली. थोरली बहीण भावाला सगळीकडे मागोमाग फिरवते, हे नाटकात होतंच. आता ती जागासुद्धा स्वतःच मांडू लागली. "चल, स्थानकावर," म्हणायचं आणि जोडी ओढून स्थानक उभं करायचं. हात कडेवरून निघेपर्यंत वाक्य संपवायचं नाही. लिफ्टवाल्या मुलाला भाऊ करून त्याला तीन वेळा सगळीकडे फिरवलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "आई, मला छत्री नको, मी भिजेन."

रविवारी हेडसर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. पानं सासूबाई हलवणार हे त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "बघू." सून विंगेत उभी राहिली.

घर झालं. सासूबाईंनी उजवी जोडी फिरवली, स्थानक झालं. हेडसरांच्या घडीतला एक हात सुटला आणि हनुवटीवर गेला. कार्यालय झालं, जरा घाईत, पण कुठे धक्का नाही. आता कोर्ट. सासूबाईंनी डावी जोडी जागेवर लावली, मधली लावली, आणि साक्षीला उभं राहायला पुढे येऊन प्रेक्षकांकडे तोंड केलं. नेमकं तेव्हाच डॉक्टर दमून डाव्या जोडीला टेकले. जोडी सरकली. फार नाही, दोन हात.

सुनेला ते दिसलं. तिच्या ओठांवर शब्द आला होता, पण विंगेतून बोलणं म्हणजे हात धरणंच.

सासूबाई बोलत बोलत मागे वळल्या, हात लांब केला आणि जिथे कड असायला हवी तिथे काहीच लागलं नाही. त्या थांबल्या. अर्धं पाऊल उचललेलं होतं ते तिथेच ठेवलं.  रेडिओने हळूच पुढचं वाक्य सांगितलं, पण अडलं होतं ते वाक्य नव्हतंच.

"कोर्ट कुणी हलवलं?" सासूबाई गरजल्या. हे वाक्य नाटकात नव्हतं.

डॉक्टर पटकन सरळ झाले, आणि त्यांचा चेहरा नेमका सासूबाईंच्या समोर आला. सासूबाईंनी दोन पावलं टाकली आणि डॉक्टरांच्या शर्टाची कॉलर पकडली.

"छत्री हरवलीस ती हरवलीस, आता न्यायालय पण हरवतोस? ओढ! जिथे होतं तिथे आण!"

डॉक्टर घाबरून खरंच जोडी ओढायला लागले. त्यांच्या कॉलरला धरून सासूबाईही चालत राहिल्या आणि कडेला दुसरा हात लागताच "बस!" म्हणाल्या. मग कॉलर सोडली, घडीत बसल्या आणि जिथे सोडलं होतं तिथून साक्ष पुढे चालू केली. खिडकीत न्यायाधीश झालेले गृहस्थ हसू आवरत नाही म्हणून खाली वाकले, त्यामुळे थोडा वेळ कोर्टाला न्यायाधीशच नव्हता.

शेवटचं वाक्य झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे हेडसरांकडे बघत होते.

हेडसरांनी बाड उघडलं, मिटलं. "अट होती की कुणाचा हात धरायचा नाही."

"होती," सासूबाई म्हणाल्या. त्या घडीतच बसून होत्या, हात कडेवर.

"तुम्ही डॉक्टरांना धरलंत."

"धरलं."

"कॉलरला."

"हो. हाताला नाही." मग त्यांनाच राहवलं नाही. "पण सर, तेवढ्यावर सुटायचं नाहीये मला. मी चुकले असं वाटत असेल तर तसं सांगा."

हेडसर उठून स्टेजवर आले. त्यांनी डावी जोडी हाताने चाचपून पाहिली, खोकं पायाने ढकलून पाहिलं, मग सासूबाईंसमोर येऊन अगदी मधोमध उभे राहिले.

"ते हललंय हे तुम्हाला कळलं कसं? मला खालून दिसत असून कळलं नव्हतं."

"मी ठेवलं होतं तिथे नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

 हेडसरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बाडात शेवटच्या प्रवेशाच्या पानावर एक वाक्य लिहून घेतलं. लिहिताना मोठ्याने म्हणाले, "कोर्ट, कुणी, हलवलं. डॉक्टर, इथे रोज टेकायचं. असंच. आणि ऑपरेटरबाईंखेरीज कुणीही पानांना हात लावायचा नाही. मीसुद्धा."

डॉक्टर कॉलर सारखी करत म्हणाले, "रोज धरणार का हो कॉलर?"

"जुना शर्ट घालून या," सासूबाई म्हणाल्या.

सून विंगेतून बाहेर आली, तेव्हा रेडिओ मधल्या जोडीपाशी उभ्या होत्या. आवरायची वेळ झाली होती. सवयीने त्यांनी जोडी उचलायला हात घातला होता आणि तो अर्ध्यातच थांबला होता.

"ऑपरेटर," त्यांनी विचारलं, "ही कशी फिरवायची ते मला दाखवाल? बदली म्हणून नाही. मला नुसतं बघायचंय."

"डोळे मीट," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून पांढऱ्या कडेवर ठेवला.